तेरा जणींची फर्माईश

"शेतकरी बंधूंनो, नमस्कार," असं रेडिओ म्हणाला की मावशी दुधाची चरवी खाली ठेवून त्याला उत्तर द्यायच्या, "बंधूंचं झालं. आता बहिनींचं बोला."

भूमजवळच्या आमच्या गावातल्या दूध संस्थेत मी संध्याकाळी दूध तपासायचो. सातवीतच शाळा सुटलेली, दुष्काळाचे दिवस, आणि काम चेअरमनच्या मेहरबानीचं. कुणी मोठ्यानं बोललं तरी मी कॅनमागं सरकायचो. मावशींचं उलटं. दारात येताच खणखणीत जयभीम, मग दूध घालून संस्थेच्या रेडिओसमोर उभ्या. जमीन नाही, एक म्हैस, चार शेळ्या.

"मावशी, शेत न्हाय तर शेतीचं ऐकून करता काय?" कुणीतरी खवचटपणे विचारायचं.

"तुझ्या रानात खुरपायला कोन येतं? रेडिओ येतो व्हय?"

रेडिओशी भांडणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण मावशी नुसत्या भांडत नव्हत्या, माझ्याकडून स्टेशनला कार्डं लिहून घ्यायच्या.

आधी रेडिओ बागायतदारांशी बोलायचा. आमच्या विहिरींचा तळ दिसत होता आणि तो उसाच्या पाण्याच्या पाळ्या सांगायचा. दूध संस्था वाढल्या, तसा तो संकरित गाईवाल्यांचा झाला. एकदा मात्र रेडिओवरच्या बाई "बंधू-भगिनींनो" म्हणाल्या. "आली वाटंवर," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात वाट फिरली. शेतीचा कार्यक्रम आखडला आणि त्या वेळेला तरुण पोरांच्या फर्माईशीची गाणी लागू लागली. नेमक्या त्याच महिन्यात शेळ्यांना लाळ-खुरकत झाली. मावशींची एक दगावली.

"मास्तर, लिही," मावशी म्हणाल्या. सातवी नापासाला मास्तर म्हणणाऱ्या त्या एकट्याच. "फर्माईश: शेळ्यांच्या लाळ-खुरकतीवर माहिती. पाठवणाऱ्या..." आणि तेरा बायांची नावं सांगितली. पहिलं स्वतःचं.

"मावशी, तिथं गाणं मागायचं असतं."

"पोरांस्नी गानं पायजे, आमाला शेळ्या पायजेत. मार संस्थेचा शिक्का."

चेअरमनला न विचारता मी शिक्का मारला. घाईत तो वाकडाच उमटला.

उत्तर संस्थेच्या पत्त्यावर आलं, म्हणजे थेट चेअरमनच्या हातात. त्यात लिहिलं होतं, आपली फर्माईश युवा श्रोत्यांच्या कार्यक्रमात बसत नाही.

"शिक्का कुणी मारला रे?" चेअरमननी सगळ्यांसमोर विचारलं. मी दुधाची वही चाळू लागलो.

"म्या मारायला लावला," मावशी पुढं झाल्या. "तेरा जनींचं दूध चालतं तुमाला, आन् शिक्का चालत न्हाय? मग उद्यापास्नं दूध घरीच ठेवतो."

मागं उभ्या बायांनी चरव्या उचलल्या. चेअरमन चष्मा पुसत राहिले. माझं काम टिकलं. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही.

मावशींनी ते पत्र माझ्यापुढं सरकवलं. "ह्याच्याच पाठीवर लिही: मग कार्यक्रम मोठा करा. खाली परत समद्यांची नावं. आन् शेवटाला तुझं."

"माझं?"

"का, तू ऐकत न्हाईस?"

मी माझं नाव लिहिलं. या खेपेला शिक्का सरळ उमटला.

पुढं मी सुरतेला यंत्रमागावर कामाला आलो. स्टेशनचं उत्तर आलं नव्हतंच. परवा भावाचं पत्र आलं, मावशी गेल्या. त्यानं लिहिलंय, बायांनी कार्ड पुन्हा टाकलंय. मजकूर तोच. पहिलं नाव काढायचं का, असं नव्या लिहिणाऱ्यानं विचारलं, तर साऱ्याजणी त्याच्या अंगावर धावून गेल्या.