घरची प्रत

आमचे बाबा बाइंडर. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली आणि आईने त्यांची शिलाई केली. दुकानात नियम एकच, तोही आईचा: खराब बांधलेली प्रत गिऱ्हाइकाकडे जाणार नाही. ती घरी यायची. त्यामुळे आमच्याकडचं प्रत्येक पुस्तक कुठे ना कुठे वाकडं आहे. एकाची तर शेवटची सोळा पानं सुरुवातीलाच आहेत. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले.

मग आई आजारी पडली आणि औषधांनी तिची भूक पार मारून टाकली. गॅसवर काही ठेवलं की वासानेच तिला मळमळायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन चाळीसच्या खाली गेलं तर पुढचं इंजेक्शन देता येणार नाही. काटा एक्केचाळीसवर होता. मी सूप केलं, रागावले, हातापाया पडले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. खरं सांगते, मला तिचा राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी गार चिकन रोल सुचवले, व्हिएतनामी पद्धतीचे. तळण नाही, वास नाही. तांदळाचा पातळ कागद मिळतो, तो पाण्यात भिजवायचा आणि त्यात उकडलेलं चिकन, काकडी, गाजर, पुदिना ठेवून गुंडाळायचं. 'कागद' ऐकताच बाबा म्हणाले, "हे मी करणार." या माणसाने आयुष्यात स्वतःचा चहा केला नव्हता.

चिकन मी माझ्या घरी उकडून, बारीक तंतू काढून, गार करून न्यायची. पहिल्या दिवशी सहा कागदांचा पार लगदा झाला. "पाण्यातून काढल्यावरही कागद पाणी पीत राहतो," बाबा स्वतःवरच चिडले, "हे मी अख्ख्या दुकानाला शिकवलं!" मग ते कागद कडक असतानाच बाहेर काढू लागले, ओल्या फडक्यावर ठेवून थांबू लागले. चिकन मधोमध, दोन्ही बाजू आत, आणि घट्ट गुंडाळी. खळ न लावता कड आपोआप चिकटते, याचं त्यांना भारी कौतुक.

चार रोल सुरेख झाले. मी ताटली पुसून वळते, तोवर या गृहस्थांनी त्यांच्यावर फळी आणि फळीवर जाडजूड शब्दकोश ठेवलेला. का, तर दाबल्याशिवाय बांधणी बसत नाही! चिकनचा चेंदामेंदा झाला. आईला सांगितलं तेव्हा ती हसली, महिन्याभरात पहिल्यांदा. पण खाल्लं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पाच झाले. चार एकसारखे, आतला पुदिना आरपार दिसणारे. पाचव्याचा कोपरा उचकटलेला. आईने ताटली मांडीवर घेतली आणि सवयीने एकेक रोल फिरवून पाहिला. चार बाजूला काढले. "हे कुणाला तरी देऊन टाका. चांगले झालेत." मग पाचवा उचलला. "अहो, हा काय बाहेर द्यायच्या लायकीचा आहे? हा घरचा."

आणि तिने तो खाल्ला. हळूहळू, पण सगळा. बाबा आमच्याकडे पाठ करून धुतलेलीच सुरी पुन्हा धूत राहिले.

त्यानंतर रोज एका रोलचा कोपरा सैल राहू लागला. पुढे दोनांचा. मी एकदा बाबांना तो मुद्दाम सोडताना पाहिलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चाळीस वर्षं ज्याने कागदावरची एक सुरकुती खपवून घेतली नाही, तो माणूस! वजन एक्केचाळीसवरच टिकलं. इंजेक्शन मिळालं.

शेवटचं इंजेक्शन दोन दिवसांवर आलं होतं. त्या सकाळी बाबा काळजीत होते, आणि त्यांच्या हातांनी सवयीने सगळे रोल बिनचूक केले. त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ताटली आईच्या मांडीवर होती.

आईने एकेक रोल फिरवून पाहिला. दोनदा पाहिला. बाबा दारात तोंड पाडून उभे.

मग तिने एक रोल उचलला आणि नखाने त्याचा कोपरा उचकटला.

"हा बघा, सैल राहिलाय," ती म्हणाली आणि खायला लागली.