आई घोड्यावर बसली

आमच्या डोंगरावरच्या घोडेवाल्यांचा मेळावा यंदा मैदानात भरला. नाल ठोकणं, खरारा करणं, सगळं तिथं आलेल्यांनी स्वतःच्या हातानं करून बघायचं होतं. शेवटी बायकांची फेरी होती. आमच्या घरांत बायका घोड्याचं सगळं करतात, त्याच्यावर बसत मात्र नाहीत. घरातली पहिली पदवी माझी, तीही आमच्या राजा घोड्यानं पर्यटक वाहून मिळवून दिलेली. तरी हे असं का, ते मीही कधी विचारलं नव्हतं.

आईनं साडी सावरली, रिकिबीत पाय टाकला आणि बसली. "चल रे राजा!"

रोज संध्याकाळी दाण्याला बोलावताना ती हेच म्हणते. राजानं मैदान सोडून सरळ घरचा रस्ता धरला.

"अगं, लगाम ओढ!" बाबा मागं धावत ओरडले.

"कशाला? भूक लागलीय त्याला."

वाटेवरच्या दुकानातून चिक्कीवाले काका हसले. "वहिनी, निघालात कुठं?"

"तुमचा पत्रा बघायला. गंजलाय की हो वरून!"

घोड्याची उंची ती किती? पण तेवढ्यानं माणसाचा आवाज बदलतो. आईचा हा आवाज मला नवा होता, आणि फार आवडला.

दाराशी राजा थांबला. बाबांनी धापा टाकत तिला उतरवायला हात पुढं केला.

"हात नको, दाणा आणा," आई वरूनच म्हणाली. "याचं खाऊन झालं की फेरी पुरी करायला जायचंय आम्हाला."