रिकामी पाकिटं मागणारा पाहुणा

माझ्या पोरीचं जमत आलेलं लग्न मी मोडायला निघालो होतो, आणि तेही चिवड्यापायी. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढं सगळी माझीच शोभा आहे.

माझं दुखणंच जगावेगळं. गोठ्यात गोचीड चावली आणि तेव्हापासून दूध, तूप, मटण पोटात गेलं की अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "चार पायांच्या जनावराचं काहीच नको. जिलेटिनसुद्धा नको, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. पाकिटावरचं वाचल्याशिवाय काही खाऊ नका."

झालं. शाळेत पुस्तक न उघडलेला मी पाकिटं वाचायला लागलो. वेफर्सच्या मसाल्यात दुधाची पावडर, बिस्किटात लोणी, आणि वर हिरवा ठिपका. लोक तो बघून निर्धास्त होतात, मला तो बघूनच धडकी भरते. एवढं जपूनही गांधी काही पुरत्या जाईनात. मग मी आणखी बारीक वाचायला लागलो.

तर पोरीसाठी घर बघायला आम्ही नवरा-बायको निमगाव केतकीला गेलो. मुलगा इंदापुरात मेडिकलच्या दुकानात कामाला, त्या दिवशी घरीच होता. त्याचे वडील आबा, गळ्यात तुळशीची माळ. पुढ्यात चिवडा, वेफर्स, बिस्किटं आली.

मी विचारलं, "ह्याची पाकिटं आहेत का?"

"कसली पाकिटं?"

"रिकामी. जरा वाचायची होती."

कचऱ्यातून शोधून पाकिटं आणली त्यांनी. मी चष्मा लावून एकेक उलटं करायला लागलो.

"किंमत बघताय व्हय, पाव्हणं?" आबांच्या कपाळाला आठ्या.

"नाही हो. दूध आहे का ते बघतोय."

"मग आधी न्हाय का सांगायचं? अगं, पाव्हण्यांना पेलाभर दूध आण."

घरच्या म्हशीचं, वर जाड साय. मी दचकून हात मागं घेतला. आबांचा चेहरा उतरला. बायकोनं मला चिमटा काढला. मी गडबडलो आणि म्हणालो, "राग मानू नका. दूध-तूप बंद आहे, पण कोंबडी चालते. अंडंही चालतं."

माळकऱ्याच्या घरात बसून बोललो हो हे. आतल्या भांड्यांचा आवाजसुद्धा थांबला.

"दूध सोडलं आन् कोंबडी धरली?" आबा म्हणाले. "ह्यो कुठला पंथ म्हणायचा?"

बायकोनं पिशवी उचलली. पोरीचं चांगलं स्थळ माझ्या डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं. आजार खरा आहे हे पटावं म्हणून मी खिशातली कॅप्सूलची पट्टी काढली. डॉक्टरांना न विचारता मीच चालू केलेलं पित्ताचं औषध. "हे बघा, गांधीसाठी रोज घेतो."

मुलानं पट्टी हातात घेतली आणि उलटी केली.

"मामा, ह्याचं टरफलच जिलेटिनचं हाय. हितं मागं लिव्हलंय की."

मी चष्मा पुसून वाचलं. लिहिलेलं होतं.

"आमच्या घरातली झाडून सगळी पाकिटं वाचली," आबा म्हणाले, "आन् सोताच्या खिशातलं तेवढं ऱ्हायलं व्हय?"

बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. आबाही हसले. मग एकदम गंभीर झाले.

"सोयरीक आमाला मान्य हाय. फकस्त एक खरं सांगा, पोरगी आईवर गेलीया न्हवं?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "शपथेवर सांगते, पुरती माझ्यावर गेलीय."