केळ्यांवरचा कापूस

"शिलाई मशीनखाली चिंध्यांचा ढीग लावून बसतेस, तिथे कोळी नाही तर काय मोर येणार?"

"त्याच चिंध्यांवर तुझं शिक्षण झालं, दादा. तेव्हा नाही टोचल्या त्या."

"विषय बदलू नकोस. कोपरा झाडला असतास तर अंगठा असा झाला नसता."

नणंदेने पट्टी बांधलेला हात मांडीवरून उचलून पाठीमागे घेतला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात ताट पुसत उभी होती. ताट कधीच कोरडं झालं होतं.

बहीणभावांचं हे भांडण आता रोजचंच झालं होतं आणि रोज ती मधे पडत नव्हती.

मोठ्या दुकानात फळांचा विभाग वहिनीकडे होता. तिथे तिला 'टापटीप' म्हणत. परदेशातून आलेली केळ्यांची खोकी उघडायची, घड पुसायचा, काळी टोकं कापायची, चांगली बाजू गिऱ्हाइकाकडे करायची. केळ्यांच्या बेचक्यांत कधीकधी पांढरा पुंजका असे. तिच्या आधीच्या बाईने त्याला कापूस म्हटलं होतं, म्हणून तीही कापूस म्हणायची. खोक्यात भरताना लागला असेल. बोटांना चिकटायचा, ताणला की तार निघायची, तरी कापूसच. कापूस काढला की घड कसा नवाकोरा दिसे.

त्या दिवशी घरी आणलेल्या घडावरचाही तिनेच नखाने खरवडून काढला आणि नणंदेला हाताशी असावा म्हणून घड मशीनशेजारी टांगला. नणंद शिवताना मान वर करत नसे. तिने न बघताच हात घातला आणि अंगठ्याला काहीतरी डसलं. काहीतरी तपकिरी खाली पडलं, दादाने चपलेने चिरडलं आणि केरात टाकलं.

जखम बघून डॉक्टर म्हणाले, हा घरातला कोळी नव्हे, विषारी जात आहे. अंगठ्याची काळी पडलेली कातडी कापावी लागली. शेंड्याला आता काही कळत नाही, सुई धरली की निसटते. शिवायला आलेले कपडे नणंदेने घडी घालून एकेकाला परत केले.

वहिनीला दवाखान्यातच त्या कापसाचं उमगलं होतं. पण घरी येताच नवऱ्याने चिंध्यांना दोष दिला आणि ती गप्प राहिली. एकदा भाजी निवडताना नणंदेने हळूच विचारलं होतं, "वहिनी, खरंच झाडायचं राहिलं होतं का गं माझ्याकडून?" तेव्हा ती म्हणाली होती, "जाऊ दे आता, झालं ते झालं." ते वाक्य तिला परत घेता आलं असतं तर.

आज दुकानात नव्या खोक्यात तसाच पुंजका निघाला होता. तिने तो दिव्यासमोर धरला. आत बारीक दाणे होते. अंडी. शेजारच्या विभागातली बाई हसून म्हणाली, "टापटीपबाई, कापूस काढा नि मांडा पुढे." तिने तो घड तेवढा बाजूला फेकला आणि उरलेले मांडले. बायका येऊन घेऊन गेल्या.

"आता मुकी झालीस?" दादा बहिणीला म्हणाला.

वहिनीने ताट खाली ठेवलं. "कोळी केळ्यांतून आला. घडावर त्याचं जाळं होतं, ते मी कापूस समजून काढलं. तिचा काही दोष नाही."

नणंदेने पाठीमागचा हात पुढे घेतला. मग नवरा म्हणाला, "बरं. पण हे बाहेर कुठे बोलू नकोस. नोकरी जाईल."

"उद्या दुकान उघडायच्या आत मी साहेबांना सांगणार आहे," ती म्हणाली. "कामावरून काढलं तर काढलं."