पखवाजाची कणीक

आज पोळ्यांसाठी कणीक भिजवली आणि तिच्या ओल्या वासानं मुरुम गावच्या बाजारात आलेला तंबूतला सिनेमा आठवला. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी आठ-नऊ वर्षांची असेन.

सिनेमा एका नामांकित पखवाजवाल्याच्या आयुष्यावरचा होता. त्यात त्याची बायको नुसती कजाग दाखवली होती. "ह्यानं पोट भरतं का?" म्हणत तिनं पखवाज रस्त्यावर फेकला, तेव्हा गडीमाणसं खदाखदा हसली. माझे अण्णाही हसले. तेही भजनात पखवाज वाजवायचे.

बायकांच्या बाजूला मी मायच्या मांडीला टेकून बसले होते. ती थरथरत होती. मला वाटलं, रडतेय. आता कळतं, तो संताप होता. आमच्या घरी सगळे ज्वारीची भाकरी खायचे. गव्हाचं मूठभर पीठ असायचं ते पखवाजासाठी. आवाज घुमावा म्हणून त्याच्या एका तोंडाला कणकेचा गोळा लावतात, तो माय मळून द्यायची. आम्ही पोरं पोळी मागायचो, तर आमचे हात झटकायची. यातलं काहीच त्या सिनेमात नव्हतं. मोठ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या सिनेमात अजूनही बायको अशीच आडवी येणारी असते, आणि माझं डोकं मायसारखंच तापतं.

घरी जाताना अण्णा हसत म्हणाले, "काय गं, तू बी फेकशील का एखाद्या दिवशी?"

माय रस्त्यातच थांबली.

"इतकी वर्षं कणीक मळून दिली, ती कुणाला दिसली न्हाय. फेकला असता, तर तुमचा बी शिनेमा निघाला असता."