टॅक्स गेला, काकू आल्या

“टॅक्स माफ झाला, तर म्हातारपणही माफ झालं का, वहिनी?”

पॉलिसीवाल्या काकू आमच्या पिपरी मेघेच्या घरात आईला विचारत होत्या. मी आतल्या खोलीत नकाराचं वाक्य पाठ करत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत.

काकू दर मार्चमध्ये येतात. पेनाचं टोपण काढून पेन आधी समोरच्याच्या हातात देतात आणि मग बोलायला लागतात. हातात आलेलं पेन परत करायचा मला संकोच वाटतो, म्हणून नोकरी लागल्यापासून माझ्या तीन पॉलिसी झाल्या. मी त्याला करनियोजन म्हणत असे. यंदा नव्या करपद्धतीत माझ्या पगारावर करच नाही, त्यामुळे भिडस्तपणाला दुसरं नाव उरलं नाही. वाचलेल्या पैशांतून मी महागडा हेडफोन घेतला, लोकांचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून.

बाहेर आले तर काकूंनी पेन काढलंच नाही. पिशवी मांडीवर तशीच बंद होती.

“सगळ्या लेआउटमधी घरोघर फिरून आली वं बाई,” त्या म्हणाल्या. “एकानंही सही नाई केली. माझं घर याच्यावरच चालते. पहिले सरकारच्या भेवानं लोकं पैसे टाकत. आता कोणाचं भेव दाखवू, सांग?”



“काऊन वं, मूग गिळले का?” स्वयंपाकघरातून आई ओरडली. “काकू काई विचारून राह्यल्या तुले!”

मी दचकले आणि मोठ्याने म्हणाले, “काकू, आमच्या आईचं भेव दाखवा.”