शेवग्याचा पाला आणि काकूंच्या कुरडया

कृषी अभियांत्रिकीत एम.टेक. करतो म्हटलं की पुण्यात लोक दोन प्रश्न विचारतात. "म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्त करता?" आणि "मग पुण्यात कशाला?" दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. उन्हाळा लागला तसे वर्गातले सगळे घरी नाहीतर कंपन्यांत पांगले, आणि मी कर्वेनगरातल्या एका गच्चीवर शेवग्याचा पाला वाळवत बसलो.

पाला वाळवणं हाच माझा प्रबंध. प्लायवूडची पेटी, वर काच, आत काळा रंग दिलेला पत्रा आणि जाळीचे ट्रे. पेटी मी स्वतः बनवलेली, त्यामुळे दार तिरकं. दर तासाला पाल्याचं वजन घ्यायचं. ते कसकसं उतरत गेलं याचा आलेख काढायचा. आभाळ भरून यायच्या आत स्वच्छ आलेख मिळाला नाही, तर प्रबंध पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लटकणार होता आणि त्याच्यासोबत मीही.

मी अमरावतीकडचा, उन्हाचं मला काय! जड जायचं ते दिवसभर कुणाशी न बोलणं. आई फोनवर विचारायची, "जेवला काय रे?" मी "हो" म्हणायचो. दिवसातलं बोलणं तिथे संपायचं. पुढे पुढे तर वजनकाट्यावर ट्रे ठेवताना मी त्याला "बोला साहेब" म्हणायला लागलो होतो.

एकदा खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू पाण्याची टाकी बघायला वर आल्या. निवृत्त शिक्षिका. पेटीभोवती चक्कर मारून म्हणाल्या, "अहो, हे वाळवणच ना?"

"सौर शुष्कक आहे, काकू."

"तेच म्हणतेय मी. याला दोन वर्षं लागतात?"

दुसऱ्या दिवशी त्या ताज्या कुरडया घेऊन हजर. "कबुतरं काही वाळू देत नाहीत मेली. तुमच्या पेटीला काच आहे, आणि खालचे ट्रे रिकामेच दिसतायत."

ओली वस्तू आत गेली की हवेतला दमटपणा वाढतो आणि आकडे बिघडतात, हे मला पाठ होतं. या विषयात मला उत्तम गुण होते. पण कुरडया घालायला आलेल्या काकू त्या उलटायलाही येणार, काढायलाही येणार. मी दार उघडलं.

तो आठवडा मजेत गेला. काकू पालथ्या बादलीवर बसून माझ्या शर्टापासून पेटीच्या तिरक्या दारापर्यंत सगळ्यावर टीका करायच्या, आणि वाटीभर चीक हातात ठेवायच्या. "खा. काट्याकडे काय बघताय, तो पळून जात नाही."

मग आलेख घेऊन वाघोलीला कॉलेजात सरांकडे गेलो. वजनाची रेघ छान उतरत होती आणि भर दुपारी पुन्हा वर चढत होती.

"पाल्याला तहान लागली होती का?" सर म्हणाले. "पाला ओला करणारा ड्रायर! अभिनंदन. आत आणखी काय होतं?"

"कुरडया, सर."

सरांनी चष्मा काढला. "गव्हाच्या?"

"हो."

"पुन्हा करा. एकट्या पाल्यावर."

हे काकूंना तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. पण पुण्यात राहून एक कळलं होतं : इथे अवघड गोष्टी कुणी बोलत नाही, पाटी लावतात. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी लिहिलं, 'प्रयोग चालू आहे. इतर वाळवण ठेवू नये. ही विनंती नसून सूचना आहे.' शेवटचं वाक्य निव्वळ हौस. लिहिल्यावर मला अस्सल पुणेकर झाल्यासारखं वाटलं.

सकाळी काकू परात घेऊन वर आल्या. मी टाकीमागे लपलो. त्यांनी पाटी वाचली आणि टाकीकडे बघून म्हणाल्या, "वाचता येतं मला." आणि उतरून गेल्या.

आलेख देखणा आला. "याला म्हणतात काम," सर म्हणाले. मी पेढे घेऊन काकूंचं दार वाजवलं.

"काकू, पेटी आता मोकळी आहे. तुमच्या कुरडया..."

"झाल्या. नारायण पेठेत बहिणीकडे घातल्या. तिच्याकडे पाटी नाही." त्यांनी एक पेढा उचलला. "म्हणजे झालं का तुमचं?"

"झालं."

"बरं झालं हो." दार लागलं, तेही अगदी हळू.

सरांना आता आकडे नको होते. तरी सकाळी मी पेटीत ताजा पाला भरला आणि दर तासाला वजन घेत राहिलो. पाटी काढून टाकली होती. जिन्यात पावलं वाजली की मान वर करायचो. दुसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी घरी आलेलं असायचं.